पाऊस आला नाही, म्हणून अंदाज खोटा?

तासगाव तालुक्यात द्राक्षबागांच्या फळछाटण्या सुरू झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'हवामान खात्यानं पाऊस सांगितला आणि टिपूसही पडला नाही. यांचं कधी खरं असतं का?' हे इतक्या खात्रीनं बोललं जातं, की एकदा त्याचा नीट समाचार घ्यायलाच हवा.

अंदाज काय होता? 'सांगली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.' खात्याच्या व्याख्येनुसार तुरळक म्हणजे जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के. जिल्हा शिराळ्यापासून जतपर्यंत पसरलेला. पलूसला सर आली आणि सावळज कोरडं राहिलं, तर अंदाज बरोबरच ठरला. आपल्या एका बागेवरून तो खोटा कसा ठरवणार?

टक्क्यांचंही तसंच. 30 टक्के शक्यता सांगितलेल्या दहा दिवसांतले साधारण सात कोरडे जायलाच हवेत. दहाही दिवस पाऊस झाला, तर खुशाल बोट दाखवा.

'पडेल किंवा पडणार नाही, हे आम्हालाही कळतं,' असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला तर डाऊनी हा रोग घड खातो. समजा, फवारणीला एकरी दोन हजार लागतात आणि नुकसान लाखाचं होऊ शकतं. मग 30 टक्के शक्यताही पंप बाहेर काढायला पुरेशी आहे. पाऊस आला नाही म्हणून ती फवारणी वाया गेली, असं होत नाही. शेडमध्ये बेदाणा वाळत असताना ताडपत्री सोडण्याचंही तेच.

खरा राग यायला हवा तो मोबाइलवर महिनाभर आधी तारखेनिशी पाऊस सांगणाऱ्यांचा. त्यांच्या बोलण्यात 'शक्यता' नसते, म्हणून लोकांना ते खरे वाटतात! सुरुवातीच्या बारीकशा फरकानं पुढचं हवामान पार बदलू शकतं, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 मध्येच दाखवलं. अमुक गावात अमुक तारखेला पाऊस पडेल, हे महिनाभर आधी खात्रीनं सांगणं आज जगात कुणालाही जमत नाही. लागलेली एक तारीख मिरवली जाते, चुकलेल्या कुणी मोजत नाही.

असेच आणखी दोन समज. 'दोन वर्षं अवकाळीनं झोडपलं, यंदा सुटलो': ढग मागची बाकी बघून येत नाहीत. 'पिवळा इशारा म्हणजे काळजी नाही': तसं नाही, लक्ष ठेवा असा त्याचा अर्थ.

यंदा छाटणीपासून बागेत साधा पर्जन्यमापक लावा आणि वहीत रोजचा अंदाज व पडलेला पाऊस शेजारीशेजारी लिहा. हंगाम संपल्यावर खात्याला जे बोलायचं ते ती वही पुढ्यात ठेवून बोला.