रकान्यांतील अंकांचे रूप : एक मागोवा

हिशेब बिनचूक असणे ही एक गोष्ट आणि तो वाचणाऱ्याला विनासायास उमगणे ही दुसरी. पहिलीवाचून दुसरीला अर्थ नाही हे खरे, परंतु दुसरीच्या अभावी पहिली कित्येकदा दप्तरातच पडून राहते, हेही तितकेच खरे आहे. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र जिला आज ‘एक्सेल शीट’ म्हणतात, त्या संगणकीय हिशेबपत्रकाची कथा सांगताना त्याच्या गणनशक्तीचे गुणगान पुष्कळ होते. पण त्यातील सेल डोळ्यांना कसे दिसावेत, कोणता अंक कोठे आणि कोणत्या वेषात उभा राहावा, याचा विचार गेल्या चार दशकांहून अधिक काळात कसकसा वाढत गेला, हे सहसा कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे मात्र त्यात बरेच आहे, कारण वाचकाविषयीची आस्था हिशेबाच्या कामात कोठे दिसत असेल तर ती येथेच दिसते.

संगणकापूर्वीच्या वहीत हा प्रश्न कारकुनाच्या लेखणीनेच सोडविलेला होता. पानाला उभ्या घड्या पाडून रकाने करावेत, जमा आणि नावे या बाजू स्पष्ट वेगळ्या ठेवाव्यात, कलमवार तपशील आत घेऊन त्याची तेरीज बाहेरच्या रकान्यात काढावी, पाव, अर्धा आणि पाऊण हे उभ्या दंडांनी दाखवावेत आणि अखेरच्या शिलकेखाली दुहेरी रेघ ओढावी, असे हे शिस्तीचे शास्त्र होते. रुपये, आणे आणि पै यांचे तीन पोटरकाने १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आल्यावर दोनच उरले, तेव्हा छापील वह्यांची आखणीही बदलावी लागली. या साऱ्या व्यवस्थेत अंकाचे मूल्य आणि अंकाचे रूप एकजीव होते. कागदावर जे लिहिले तेच होते, आणि जे होते तेच दिसत होते.

ही एकजीवता १९७९ मध्ये भंगली. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असता डॅन ब्रिकलिन यांना सुचलेले आणि बॉब फ्रँकस्टन यांनी प्रोग्रामच्या रूपात उतरविलेले ‘व्हिसिकॅल्क’ त्या वर्षी ॲपल टू या संगणकावर अवतरले. त्या संगणकाचा पडदा अवघ्या चाळीस अक्षरांच्या रुंदीचा. रकाना नऊ अक्षरांचा धरला तर एका वेळी चारच रकाने दृष्टीस पडत, आणि रुंदी बदलायची तर ती सर्व रकान्यांची एकदमच बदलावी लागे. एवढ्या अरुंद जागेतही वाचकाची सोय पाहणाऱ्या काही मोजक्या आज्ञा तेथे होत्या: अंक पूर्णांकात दाखवावा, पैशांसाठी दशांश चिन्हापुढे दोन स्थळे राखावीत, मजकूर डावीकडे वा उजवीकडे सरकवावा, शीर्षकाच्या ओळी जागच्या जागी खिळवून ठेवाव्यात. आणखी एक आज्ञा अशी होती की, तिच्यामुळे सेलमध्ये अंकाऐवजी त्या अंकाइतक्या तारकांची रांग उमटे आणि रकान्यावरून नजर फिरविताच लहानमोठेपणा कळे.

या आज्ञांनी आतले मूल्य बदलत नसे, केवळ त्याचे दर्शन बदले, आणि हिशेबाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर वरकरणी दिसते त्याहून कितीतरी खोल आहे. तीन सेलमध्ये प्रत्येकी ३३.४ हा अंक असावा आणि दशांश लपवून पूर्णांक दाखवावेत, म्हणजे वाचकाला ३३, ३३ आणि ३३ दिसतात, त्यांखालची बेरीज मात्र १०० दिसते. यंत्राचे चुकलेले नसते, कारण आतली बेरीज १००.२ आहे, वाचकाचेही चुकलेले नसते, कारण त्याने मनाशी केलेली बेरीज ९९ येते. चूक असलीच तर ती एक दशांश स्थळ दाखविण्याचा अथवा ‘अंक पूर्णांकात दाखविले आहेत’ असा शेरा लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्याची. रूप मूल्यापासून वेगळे झाले, त्या दिवशी रूपाविषयीची ही नवी जबाबदारी मांडणाऱ्याच्या शिरावर आली.

जानेवारी १९८३ मध्ये मिच केपॉर यांच्या लोटस कंपनीचे ‘१-२-३’ हे पत्रक आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आले आणि थोड्याच काळात कचेऱ्यांत सर्वत्र रुजले. प्रत्येक रकान्याची रुंदी स्वतंत्र ठेवण्याची मुभा, हजारांचे स्वल्पविराम, टक्केवारी, ऋण रक्कम कंसात दाखविण्याची सोय, असे पुष्कळ काही त्यात होते. रकाना अरुंद पडला तर अर्धवट अंक दाखवून दिशाभूल करण्याऐवजी ते साऱ्या सेलमध्ये तारका भरी. एक्सेलमध्ये आज दिसणाऱ्या ‘####’ या खुणा त्याच प्रामाणिकपणाच्या वारसदार आहेत. अपुरा अंक दाखविण्यापेक्षा अंक न दाखविणे बरे, हे तत्त्व या क्षेत्रात आरंभापासून पाळले गेले, ही समाधानाची बाब होय. पुढे १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलेल्या एक्सेलने अक्षरांचे वळण, ठळकपणा आणि चौकटीच्या रेघा या गोष्टी सामान्य कारकुनाच्या हाती दिल्या.

साधने हाती आली म्हणजे त्यांचा अतिरेक होणे हा मनुष्यस्वभावच आहे, आणि पुढील दशकात तो झाला. प्रत्येक सेलभोवती जाड चौकट, शीर्षकाला गडद निळी पार्श्वभूमी, बेरजेला पिवळी, शेऱ्याला गुलाबी, आणि शोभेसाठी चारचार सेल जोडून एक केलेले, की ज्यामुळे पुढे ती यादी क्रमवार लावणेही दुरापास्त व्हावे, अशी पत्रके ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्यांचा शीण आठवत असेल. याच्या नेमकी उलट शिकवण एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दिली होती. जी शाई माहिती सांगत नाही ती कागदावरून शक्य तितकी काढून टाकावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. ही दृष्टी हिशेबपत्रकांपर्यंत झिरपायला वेळ लागला, पण ती झिरपली. अंक उजवीकडे, मजकूर डावीकडे आणि शीर्षक आपल्या रकान्याच्या बाजूला. उभ्या रेघा जवळजवळ नाहीत, आडव्या अगदी फिक्या. एका रकान्यात दशांश स्थळे सारखी. हाताने भरलेले अंक निळे आणि सूत्राने आलेले काळे, हा वित्तीय पेढ्यांतील रिवाज. ही आजची शहाणी मांडणी त्या अतिरेकाच्या अनुभवातूनच घडली आहे.

१९९७ च्या एक्सेलने आणखी एक पाऊल टाकले. मूल्य पाहून रूप आपोआप ठरावे, थकबाकी विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की सेल आपणहून तांबडा व्हावा, अशी सशर्त रचना त्यात आली. त्या वेळी एका सेलला तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीने ती मर्यादा उठविली आणि सेलच्या आतच अंकाच्या प्रमाणात पट्टी काढण्याची सोय केली, म्हणजे १९७९ च्या तारकांची रांग रंगीत वेषात परत आली. परंतु या पट्टीत एक दोष राहून गेला होता. रकान्यातील सर्वांत लहान अंकालाही सेलच्या सुमारे दशांश लांबीची पट्टी मिळे, त्यामुळे शून्यापुढेही काहीतरी असल्याचा भास होई. २०१० च्या आवृत्तीत हा दोष दूर झाला. शून्याला पट्टी उरली नाही आणि ऋण अंकांची पट्टी अक्षाच्या दुसऱ्या बाजूस वळली. अंकाला दिलेले चित्ररूप अंकाशी प्रमाणबद्ध नसेल तर ते अलंकार नसून खोटी साक्ष ठरते, ही जाणीव या दुरुस्तीच्या मुळाशी आहे.

आपल्याकडील वाचकाला या इतिहासात विशेष जिव्हाळ्याचा प्रश्न आहे तो लाख-कोटींच्या स्वल्पविरामाचा. १२,३४,५६७ ही रक्कम मराठी माणूस एका दृष्टिक्षेपात बारा लाख चौतीस हजार म्हणून वाचतो; तीच १,२३४,५६७ अशी समोर आली की तो अडखळतो, अंकांवर बोट ठेवून एकं-दहं-शतं मोजू लागतो, आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेतला मोलाचा क्षण त्यात जातो. संगणकाच्या प्रादेशिक व्यवस्थेत भारतीय गटवारी निवडली की एक्सेल ती मुकाट्याने पाळते, परंतु ती व्यवस्था त्या संगणकाची असते, पत्रकाची नव्हे. तेच पत्रक परदेशी गटवारीच्या संगणकावर उघडले की स्वल्पविराम जागा बदलतात. यावर उपाय म्हणून अनेक हिशेबनिसांनी सेलच्या रूपसूत्रात दोन अटी लिहिण्याची युक्ती रूढ केली: कोटीच्या वर एक रूप, लाखाच्या वर दुसरे, आणि उरलेल्यांना साधे हजारांचे. युक्ती उत्तम आहे, पण सूत्रात अटी दोनच मावतात, आणि ऋण रक्कम या दोहोंत बसत नसल्यामुळे ती तिसऱ्या, म्हणजे परक्या गटवारीत जाऊन पडते. परिणामी बारा लाखांची शिल्लक देशी वेषात आणि बारा लाखांची तूट विलायती वेषात, असे एकाच रकान्यात दिसू लागते, आणि तेही नेमक्या त्या रकमेबाबत की जिच्याकडे वाचकाचे लक्ष सर्वांत आधी जावयास हवे. ऋण रकमांसाठी सशर्त रचनेतून वेगळे रूप दिले म्हणजे हे व्यंग निघते; ते काढण्याची तसदी घ्यावी.

रूप आणि मूल्य यांच्या फारकतीचे धोके याहून गंभीर ठिकाणीही प्रकट झाले आहेत. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १९०० च्या आरंभापासून मोजलेला एक क्रमांक. १ मे १९६० हा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस आत २२०३७ असा नोंदला जातो आणि रूपामुळेच आपल्याला तारीख म्हणून दिसतो. ही सोय असली तरी जे तारखेसारखे दिसते ते यंत्र स्वतःच तारीख मानते, आणि मग ‘सेप्ट२’ किंवा ‘मार्च१’ अशा संक्षिप्त नावांची जनुके शास्त्रज्ञांच्या याद्यांत सप्टेंबर आणि मार्च महिन्यांचे दिवस होऊन बसली. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असे दोष असल्याचे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. २०२० मध्ये त्या जनुकांची नावेच बदलण्यात आली आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे रूपांतर थांबविण्याची सोय दिली. आपल्या कचेऱ्यांत बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो, खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य नाहीसे होते, हेही त्याच जातीचे प्रकार. अंक भरण्यापूर्वीच त्या रकान्याला मजकुराचे रूप दिले तर ते टळतात.

लपविलेल्या ओळींची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. २००८ च्या शरद ऋतूत दिवाळखोर झालेल्या लेहमन ब्रदर्सची मालमत्ता बार्कलेज बँक विकत घेत असता, जे १७९ करार घ्यावयाचे नव्हते त्यांच्या ओळी पत्रकातून काढून न टाकता केवळ दृष्टिआड केलेल्या होत्या. न्यायालयासाठी त्या पत्रकाची नवी नक्कल तयार करताना त्या पुन्हा प्रकट झाल्या आणि नको असलेले करार खरेदीच्या यादीत जाऊन बसले. जे वगळायचे ते लपवू नये, त्याच्यापुढे ‘वगळले’ असा स्पष्ट शेरा मारावा, हा धडा तेथून घ्यावा. रंगाने सांगितलेली गोष्टही शब्दाने सांगावी, कारण तांबडा आणि हिरवा यांतील भेद ज्यांना दिसत नाही असेही वाचक असतात आणि काळ्या शाईत छापलेल्या प्रतीत तो कोणालाच दिसत नाही.

या सगळ्या वाटचालीकडे पाहता असे दिसते की, साधने वाढली, रंग वाढले, चार रकान्यांचा पडदा रुंदावला, पत्रक लाखो ओळींपर्यंत विस्तारले, पण चांगल्या मांडणीची कसोटी जुन्या दप्तरातील कसोटीहून वेगळी झालेली नाही: ज्याने हे पत्रक तयार केले नाही त्याला ते कोणाला न विचारता वाचता आले पाहिजे, आणि वाचून त्याने जे मानले ते आतल्या मूल्याशी जुळले पाहिजे. सेलला रूप देणे हे काम हिशेब संपल्यावर उरलेल्या वेळात उरकण्याचे नाही. रुजुवात घेण्याइतकेच ते हिशेबाचे अंग आहे. ग्रामसभेत जमाखर्च ऐकणाऱ्या शेतकऱ्याला, संस्थेचा ताळेबंद पाहणाऱ्या सभासदाला आणि अंदाजपत्रकावर मत देणाऱ्या प्रतिनिधीला आपला पैसा कोठे गेला हे कळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क प्रत्यक्षात त्यांच्या हाती पडतो की नाही, हे पुष्कळदा एका स्वल्पविरामाच्या योग्य जागेवर अवलंबून असते.