साठी बुद्धी नाठी? छे हो!

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने केली, त्याला पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानाला नेऊन बसवायला हवं! व्याख्यानानंतर प्रश्नांचा जो मारा होतो, त्यापुढे आपली व्हायव्हा काहीच नाही. एन.एस.एस.च्या निमित्ताने मी अशा काही वर्गांना मदतनीस म्हणून गेलो. तिथे काय चालतं, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते सांगतो.

कल्पना तशी जुनीच. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. फ्रान्समध्ये तुलूझ इथे १९७३ मध्ये खास ज्येष्ठांसाठी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं. १९८२ पासून ब्रिटनमध्ये त्याच नावाने ज्येष्ठ मंडळी एकमेकांनाच शिकवू लागली. ना परीक्षा, ना के.टी.! आपल्याकडे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' भरली. गुलाबी नऊवारी नेसलेल्या आज्या पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या.

आपल्या पट्ट्याची गोष्ट जरा वेगळी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि एम.आय.डी.सी. चाकणचा मोठा पसारा त्यानंतरचा. ज्यांनी ही यंत्रं चालवली ते आज आजोबा झालेत. त्यांना मायक्रोमीटर वाचता येतो, पण मोबाईलवर ओ.टी.पी. मागितला की धडकी भरते.

आणि इथे प्रश्न नुसत्या विरंगुळ्याचा नाही, पैशाचा आहे. ई.पी.एस. पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. तो नसेल तर पेन्शन थांबते. २०१४ पासून हा दाखला 'जीवन प्रमाण'वर बोटाच्या ठशाने देता येतो. पण जन्मभर लोखंड हाताळून बोटं झिजलेली, मशीन ठसा घेतच नाही! २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. एकदा शिकवलं की माणूस पुढच्या वर्षी स्वतः करतो, शेजाऱ्याचाही करून देतो.

दुसरा धडा 'डिजिटल अरेस्ट'चा. कायद्यात असा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला तरी फोन ठेवायचा आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला कळवायचं. फंडाची आयुष्यभराची पुंजी एका फोनवर जाऊ शकते, म्हणून हा धडा महत्त्वाचा.

शिकवताना मात्र थोडं इंजिनिअरिंग लागतं. प्रेस शॉपच्या आवाजाने कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास अधू होतात, आणि वयाने वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. ओरडून उपयोग नाही. समोर तोंड करून सावकाश बोला, पंखा बंद करा, अक्षर मोठं लिहा. वयाबरोबर नवं शिकायचा वेग मंदावतो, पण अनुभवाची समज टिकते. तेव्हा नवी गोष्ट जुन्या कामाला जोडा. 'पिन म्हणजे लॉकरची किल्ली' म्हटलं की लगेच पटतं. आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपण पटापट बटणं दाबून दिली तर शिकलो आपणच!

बदल्यात काय मिळतं? एका निवृत्त टर्नर काकांनी मला सांगितलं, "हायस्पीड स्टीलच्या टूलने स्टील कापताना चिप निळी पडली, की समज स्पीड जास्त झालाय." हा पॉइंट मी वर्कशॉपच्या जर्नलमध्ये लिहिला होता, समजला तो तेव्हा.

तर हॉस्टेलवाल्यांनो, रविवारची मॅच थोडी उशिरा पाहा. जवळच्या विरंगुळा केंद्रात दोन तास द्या. शिकवायला जाल, पण शिकूनच परत याल.