झाकणं चुगली करतात!

घरात जॅमची नवीकोरी, न उघडलेली बाटली आहे? मग आधी तिचं झाकण नीट बघ. मधोमध एक गोल टिकली दिसते ना? तिच्यावर बोट ठेवून दाब. हलते का? नाही! ती आत दबून गप्प बसलीये.

आता आईबाबांना विचारून झाकण फिरव. कान अगदी जवळ ने.

टुक!

ऐकलंस? टिकली वर आली! आता तिला पुन्हा खाली बसव बरं. दाबली की खाली, सोडली की वर. टुक-टुक, टुक-टुक! कितीही खटपट कर, पहिल्यासारखी ती बसायचीच नाही. "मला कुणीतरी उघडलंय, मला कुणीतरी उघडलंय!" अशी चुगली ती आता सगळ्यांकडे करत राहणार.

पण इतके दिवस तिला खाली दाबून कोण ठेवत होतं? गोंद? स्प्रिंग? ओळख बघू!

हवा!

खरंच, नुसती हवा! कारखान्यात जॅम गरमागरम असतानाच बाटलीत भरतात. त्याची वाफ वरच्या मोकळ्या जागेतली हवा बाहेर हाकलते. लगेच झाकण घट्ट! मग बाटली थंड होते आणि वाफेचं पाणी होतं. पाण्याला जागा लागते अगदी इवलीशी. म्हणजे झाकणाखाली आता जवळजवळ काहीच उरलं नाही. बाहेर मात्र आपली नेहमीची हवा आहेच, आणि ती सगळ्या वस्तूंना सतत दाबत असते. किती जोरात, माहितेय? करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलो! आतून उलटं ढकलायला कुणी नाही, मग टिकली दबणारच. झाकण सैल झालं की हवा सुर्रकन आत शिरते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि… टुक!

असा पहारेकरी कुठे मिळेल? पगार नाही, झोप नाही, जेवणाची सुट्टी नाही!

आता गंमत ऐक. हा पहारेकरी चोराला अडवतो का? मुळीच नाही! अडवायचं काम कुलपाचं. सील, म्हणजे अशी चुगलखोर खूण, फक्त सांगतं. म्हणून कुलूप भक्कम बनवतात आणि सील मुद्दाम कच्चं. पाण्याच्या बाटलीचं झाकण आठव. त्याच्याखाली एक कडं असतं आणि दोघांना जोडणारे प्लास्टिकचे बारीक-बारीक पूल असतात. झाकण पिळलं की कर्रर्र! पूल तुटले. कडं बाटलीच्या गळ्यातच राहिलं. पहिलीतलं पोरही ते तोडू शकतं. पण तुटलेले पूल परत जोडून दाखव म्हटलं, तर मोठमोठे इंजिनियरही डोकं खाजवतील!

हे कच्चेपण जमवणं मात्र सोपं नाही हं. खड्ड्यांतून धडधडत जाणाऱ्या ट्रकमध्ये तुटलं, तर दुकानदार ओरडणार. हाताने पिळूनही तुटलं नाही, तर काय उपयोग? ट्रकला दाद द्यायची नाही, हाताला मात्र द्यायची!

औषधांच्या बाटल्यांना पूर्वी असलं काही असायलाच हवं असा नियम नव्हता. मग 1982 साली अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या परिसरात कुणीतरी दुकानांतल्या गोळ्यांच्या बाटल्या उघडल्या, आत विष मिसळलं आणि बाटल्या परत जागेवर ठेवल्या. विकत घेणाऱ्यांना काही कळलंच नाही. सात जणांचा जीव गेला. त्याच वर्षी अमेरिकेत नियम झाला : अशी औषधं आधी उघडली असतील, तर ते दिसलंच पाहिजे.

कुरियरच्या पाकिटावरची चिकटपट्टी कधी सोलून बघितलीस? काही पट्ट्या भारी जादूच्या असतात! चिकटवताना साध्या दिसतात, पण सोलली रे सोलली की खाली अक्षरं उमटतात : 'वॉइड'! म्हणजे 'रद्द'! ही अक्षरं आली कुठून? चित्रकलेच्या तासाला पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने नाव लिहून वरून जलरंग फिरवलायस ना? मेण असतं तिथे रंग धरतच नाही आणि नाव दिसायला लागतं. पट्टीचंही तसंच. तिच्या आतल्या बाजूला अक्षरांच्या आकाराचा एक अदृश्य थर आधीच दिलेला असतो आणि वरून सगळीकडे रंग. त्या थरावर रंगाची पकड ढिली, बाकी सगळीकडे पक्की. पट्टी ओढली की ढिला रंग पाकिटावरच राहतो आणि पक्का रंग पट्टीबरोबर जातो. झालं, बिंग फुटलं!

ही युक्ती नवी वाटते? मग चल इजिप्तला!

1922 साली हॉवर्ड कार्टर यांना तुतानखामेन नावाच्या तरुण राजाची कबर सापडली. पण दाराच्या गिलाव्याकडे बघून ते विचारात पडले. गिलाव्यावर जागोजागी ठसे होते. बहुतेक ठसे राजाचे. एका कोपऱ्यात मात्र वेगळेच : कोल्ह्यासारखा प्राणी आणि त्याच्याखाली नऊ कैदी! तो होता दफनभूमीच्या रखवालदारांचा शिक्का. म्हणजे काय झालं असेल? पूर्वी कधीतरी चोर घुसले होते, आणि मागाहून रखवालदारांनी भोक बुजवून आपला शिक्का मारला होता! बघ, दार उघडायच्या आधीच ठशांनी सगळी गोष्ट सांगून टाकली.

मग राजाची शवपेटीही लुटली असेल? धाकधूक! शवपेटीभोवती सोन्याने मढवलेले चार लाकडी देव्हारे होते, एकात एक बसवलेले. सगळ्यात बाहेरचा तर खोलीएवढा मोठा! त्याच्या दाराला सील नव्हतं. कार्टर यांनी ते उघडलं. आत दुसऱ्या देव्हाऱ्याचं दार. त्याच्या कड्यांना दोरी गुंडाळलेली, आणि तिच्यावर मातीचं सील. अख्खं! सव्वातीन हजार वर्षं ती दोरी आणि मातीचा तो गोळा जसेच्या तसे! चोर इथवर पोहोचलेच नव्हते.

माझं विचारशील तर, त्या कबरीतल्या सगळ्या सोन्यापेक्षा मला ती दोरीच जास्त आवडते.

आता तुझ्यातला गुप्तहेर म्हणेल, "थांबा! चोराने जुनं सील तोडून तसंच नवं लावलं तर?" शाब्बास! सील बनवणाऱ्यांची झोप याच प्रश्नाने उडते. एक उपाय आहे नंबर आणि सह्या. निवडणुकीत तुझ्या शाळेत मतदान केंद्र येतं का? तिथल्या मतदान यंत्राला नंबर छापलेलं हिरवं कागदी सील लावतात. त्यावर केंद्राध्यक्ष सही करतात, उमेदवारांचे प्रतिनिधीही करतात आणि नंबर टिपून घेतात. नवं सील आणलं तरी तोच नंबर आणि त्याच सह्या कुठून आणणार?

पण सगळ्यात झकास उपाय कोणता? चमकी!

हसू नकोस! अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन बलाढ्य देशांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. एकमेकांची क्षेपणास्त्रं मोजताना प्रत्येक क्षेपणास्त्र नेमकं ओळखता यावं, यासाठी त्यावर खूण हवी होती, तीही नक्कल न करता येणारी. तेव्हा अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी एक खास लेप बनवला. पारदर्शक रेझिन आणि त्यात चमचमणारे खनिजांचे कण! लेप वाळला की कण पडतील तिथे घट्ट बसतात. एका बाजूने प्रकाश टाकला की काही कण चमकतात, दुसऱ्या बाजूने टाकला की वेगळेच! ही नक्षी पुन्हा कुणालाच काढता येत नाही. ज्याने लेप लावला, त्यालासुद्धा नाही!

आणि 2013 साली जर्मनीतल्या एका संमेलनात दोन संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी हेच काम कशाने करायला सुचवलं असेल? चमकीच्या नेलपॉलिशने! लॅपटॉपच्या स्क्रूवर एक थेंब टाकायचा आणि फोटो काढून ठेवायचा. प्रवासातून आल्यावर फोटो आणि थेंब जुळवून बघायचे. बस!

तूही करून बघ. पत्र्याचा एक जुना डबा घे. झाकण आणि डबा जिथे मिळतात, तिथे चमकीच्या नेलपॉलिशचा मोठा थेंब टाक. पूर्ण वाळू दे, मग अगदी जवळून फोटो काढ. आता दादाला नाहीतर ताईला आव्हान दे : "हा डबा उघडायचा, आणि मला कळू न देता बंद करायचा!" हवं तर नेलपॉलिशची बाटलीही त्यांच्याच हातात दे. करा म्हणावं प्रयत्न!

फक्त ती बाटली कुणाची आहे, ते आधी विचारून घे हं.