गुलाबी डोक्याचे बदक कसे ओळखावे?

थंडी सुरू झाली की आपल्या बालाघाट जिल्ह्यातील आणि शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यातील तलावांवर उत्तरेकडून बदके उतरतात. त्यांत एखादे लालसर डोक्याचे बदक दिसले, की ‘हेच का ते दुर्मीळ गुलाबी डोक्याचे बदक?’ असा प्रश्न निघतो. प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

गुलाबी डोक्याचे बदक प्रामुख्याने गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांत, उंच गवतातील दलदलींत राहत असे. ते संख्येने पूर्वीही फार नव्हते. दलदली आटवून शेती झाली, शिकारही झाली. रानात ते खात्रीने दिसल्याची शेवटची नोंद १९३५ सालची, बिहारमधील दरभंगा भागातील आहे. त्यानंतर अनेकांनी शोध घेतला. २०१७ साली म्यानमारमधील इंडॉजी सरोवराच्या परिसरात एक मोहीमही गेली, पण पक्षी सापडला नाही. आता त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष’ अशी होते.

आपल्याकडे त्याच्याशी गल्लत होते ती मुख्यतः मोठ्या लालसरीची. दोघांतील फरक असा :

• डोके : मोठ्या लालसरीच्या नराचे डोके नारिंगी-तांबूस, फुगीर व झुपकेदार असते आणि गळाही तांबूसच असतो. गुलाबी डोक्याच्या नराचे डोके खरोखर गुलाबी असते, मात्र गळ्याची पुढची बाजू गडद असते.

• कूस : हीच सर्वांत सोपी खूण. मोठ्या लालसरीच्या नराची छाती काळी व कूस ठळक पांढरी दिसते. गुलाबी डोक्याच्या बदकाचे सारे अंग काळपट तपकिरी, कुशीवर पांढरे काही नाही.

• पंख : उडताना मोठ्या लालसरीच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा दिसतो. दुसऱ्याच्या पंखाची खालची बाजू फिकट गुलाबी असते.

• मादी : येथेच जास्त फसगत होते. मोठ्या लालसरीच्या मादीचे गाल फिकट राखाडी व माथा तपकिरी असतो, आणि दुरून डोके गुलाबीसर भासू शकते. पण तिचे अंग फिकट तपकिरी असते, गडद नव्हे.

छोटी लालसरीही येते. तिच्या नराचे डोके तांबूस असले तरी पाठ व कूस राखाडी असते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर सारेच रंग तांबडे दिसतात. तेव्हा एकट्या डोक्याच्या रंगावर विसंबू नये. कूस पाहावी, पंख पाहावेत, शक्य तर छायाचित्र घ्यावे, आणि ओळखीचे सर्व पक्षी एकेक करून वगळावेत. त्यानंतरच दुर्मीळ पक्ष्याचे नाव घ्यावे.

कोणी म्हणेल, दुर्मीळ पक्षी आपल्याकडे मिळणार नसेल तर एवढा खटाटोप कशाला? आमचे म्हणणे असे की गुलाबी डोक्याचे बदक नाहीसे होत असताना त्याची वर्षवार मोजदाद कोणी ठेवली नव्हती. लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. मोठी लालसरी, तलवार बदक, अडई आज सहज दिसतात, म्हणून आजच त्यांची संख्या लिहून ठेवली पाहिजे. दहा वर्षांनी त्याच वहीवरून कळेल की तलावात काय कमी झाले.

विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात आपल्या गावच्या तलावावर वडीलधाऱ्यांसोबत जावे, काठावरूनच पाहावे, पक्षी उडावेत म्हणून दगड मारू नयेत. तारीख, वेळ, जात आणि संख्या वहीत लिहावी. नाव ठरत नसेल तर अंदाजाने लिहू नये. ‘ओळख पटली नाही’ असे लिहून खुणा नोंदवाव्यात. अशी नोंदही तितकीच मोलाची असते. पालकांनी सोबत द्यावी आणि विश्वस्तांनी शाळेसाठी एका चांगल्या दुर्बिणीचा विचार करावा, ही विनंती.