नोल्डेचा पिवळा

अभिव्यक्तिवाद म्हटला की आपल्याला मुंकची 'किंकाळी' आठवते आणि बहुधा आपण तिथेच थांबतो. पण निव्वळ रंगापुरते बोलायचे, तर या पंथातला सर्वांत हट्टी रंगवेडा माणूस म्हणजे एमिल नोल्डे. गेली काही वर्षे मी त्याच्या मागे आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. पुस्तके, प्रदर्शनांचे कॅटलॉग आणि छापील प्रतिकृती एवढेच माझे भांडवल. या प्रतिकृतींनीच एक गोष्ट शिकवली. नोल्डेचा पिवळा तीन पुस्तकांत तीन तऱ्हांचा छापलेला असतो. एकात हळदीसारखा, दुसऱ्यात लिंबासारखा, तिसऱ्यात चक्क मळकट. तरीही तिन्ही ठिकाणी चित्रात आधी तोच दिसतो. माणसे, झाडे, समुद्र मागाहून.

त्याचे मूळ नाव हान्स एमिल हान्सेन. जन्म 1867चा, नोल्डे नावाच्या खेड्यातल्या शेतकरी घरातला. हे गाव तेव्हा प्रशियात होते. 1920च्या सार्वमतानंतर ते डेन्मार्कमध्ये गेले, आणि जर्मनपणाचा एवढा अभिमान बाळगणारा हा माणूस कागदोपत्री मरेपर्यंत डॅनिश नागरिक राहिला. सुरुवात लाकडावरच्या कोरीवकामाने झाली. फ्लेन्सबुर्गच्या एका फर्निचर कारखान्यात चार वर्षे उमेदवारी, मग ठिकठिकाणच्या कारखान्यांत नोकरी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालेनला चित्रकला शिकवण्याचे काम. तिथे त्याने आल्प्सच्या शिखरांना राक्षसांचे आणि म्हाताऱ्यांचे चेहरे देऊन पोस्टकार्डे काढली. त्यांच्या एक लाख प्रती दहा दिवसांत संपल्या, आणि त्या पैशावर त्याने नोकरी सोडली. आधुनिक चित्रकलेतल्या एका मोठ्या बंडखोरीचा खर्च पर्यटकांच्या पोस्टकार्डांनी उचलला, याची मला नेहमी गंमत वाटते.

तोवर तिशी उलटली होती. म्युनिकच्या अकादमीने त्याला प्रवेश नाकारला. मग दाखाउला आडोल्फ ह्योल्त्सेलकडे आणि पॅरिसला 'आकादेमी ज्युलियाँ'त थोडे थोडे शिक्षण झाले. 1902मध्ये आडा व्हिल्स्ट्रुप या डॅनिश अभिनेत्रीशी लग्न झाले, आणि त्याच सुमारास त्याने आपल्या गावाचेच नाव आडनाव म्हणून घेतले. 1906 साली ड्रेस्डेनच्या 'ब्रुक्के' या तरुण चित्रकारांच्या गटाचे आमंत्रण आले. कार्ल श्मिट-रोटलुफने पत्रात त्याच्या रंगांच्या वादळांचा गौरव केला होता. नोल्डे या मंडळींपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. गट मानवणारा त्याचा पिंडच नव्हता. दीडेक वर्षात तो बाहेर पडला.

1909मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर त्याने 'अखेरचे भोजन' आणि 'पेंटेकॉस्ट' ही चित्रे केली, आणि त्याचा रंग खऱ्या अर्थाने मोकळा झाला. इथे रंग प्रकाशाचा हिशेब देत नाही. शिष्यांचे चेहरे मुखवट्यांसारखे आहेत, आणि त्यांच्यावरचा उजेड कुठल्या दिव्यातून किंवा खिडकीतून येत नाही. तो रंगातूनच येतो. पुढच्याच वर्षीच्या 'सोन्याच्या वासराभोवतीचा नाच' या चित्रात पिवळ्याशेजारी जांभळा ठेवलेला आहे. हे दोन रंग एकमेकांचे पूरक, म्हणून शेजारी आले की एकमेकांना भडकवतात. हे तंत्र त्या काळी सर्वांनाच ठाऊक होते. नोल्डेचे वेगळेपण असे की तो मध्ये रेषेचे कुंपण घालत नाही. नाचणाऱ्या बाईचा पाय कुठे संपला आणि माती कुठे सुरू झाली, हे रंगाचा फटकाराच ठरवतो.

'पेंटेकॉस्ट' बर्लिन सेसेशनने नाकारले. नोल्डेने संघटनेचा अध्यक्ष माक्स लीबरमान याच्यावर जाहीर हल्ला चढवला आणि त्याला काढून टाकण्यात आले. लीबरमान ज्यू होता. पुढे या भांडणाची गोष्ट नोल्डे ज्यूंनी केलेला छळ म्हणून सांगत राहिला. हा धागा लक्षात ठेवावा लागतो.

पण आधी त्याच्या जलरंगांविषयी, कारण त्याची खरी प्रयोगशाळा तीच. तो शोषून घेणारा जपानी कागद वापरी. कागद ओला करायचा आणि त्यावर भरलेल्या कुंचल्याने रंग सोडायचा. रंग तंतूंतून पसरतो, दुसऱ्या रंगाला भेटतो, कागदाच्या पाठीपर्यंत झिरपतो. 1908च्या हिवाळ्यात येनाजवळच्या कोस्पेडा गावी तो उघड्यावर रंगवायला बसे आणि बर्फ व गारठ्यालाही कागदावर काम करू देई. मी पातळ कागदावर हे करून पाहिले. चित्र काढता येत नाही, पण एक गोष्ट हाताला कळली : यात सर्वांत अवघड आहे ते थांबणे. ओल जास्त असेल तर सगळ्याचा चिखल होतो, कमी असेल तर कडा कोरड्या पडतात. म्हणजे रंगाला मोकळे सोडणे हेही फार कडक शिस्तीचे काम आहे. नोल्डे डाग पसरू देई आणि त्या डागात काय दिसते ते पाही. कधी ढग, कधी दाढीवाला म्हातारा. शाईची रेषा अनेकदा सगळ्यांत शेवटी येई.

1927पासून तो जर्मन-डॅनिश सीमेवरच्या झेब्युलला राहिला. सपाट दलदलीचा मुलूख, डोक्यावर अफाट आकाश. तिथे त्याने घर बांधले आणि बाग केली. बागेतल्या वाटा आडा आणि एमिल यांच्या आद्याक्षरांच्या आकारात आखल्या. अफूची लाल फुले, सूर्यफुले, आयरिस. आज दिनदर्शिकांवर दिसतो तो हाच नोल्डे.

1937 साली नाझींनी म्युनिकला 'अध:पतित कला' प्रदर्शन भरवले. जर्मन संग्रहालयांतून नोल्डेच्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त झाल्या होत्या. एवढ्या दुसऱ्या कुणाच्याच झाल्या नाहीत. 1941मध्ये त्याला कलावंतांच्या सरकारी मंडळातून काढून व्यवसायबंदी घालण्यात आली. इथून ती प्रसिद्ध आख्यायिका सुरू होते : एकाकी म्हातारा, चित्र काढायलाच मनाई, तैलरंगांचा वास येईल म्हणून चोरून केलेली तेराशेहून अधिक छोटी जलरंगचित्रे. त्यांना तो 'न रंगवलेली चित्रे' म्हणे. 1963मध्ये वेर्नर हाफ्टमान या कलासमीक्षकाने याच नावाने पुस्तक काढले, आणि 1968मध्ये झीगफ्रीड लेन्त्सच्या 'डॉइचश्टुंडे' कादंबरीने ही गोष्ट घराघरांत नेली.

झेब्युलच्या दप्तरातली कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली तेव्हा चित्र पालटले. बेर्नहार्ड फुल्डा आणि आया सोइका यांच्या संशोधनावर 2019मध्ये बर्लिनला प्रदर्शन झाले. बंदी होती ती विक्री, प्रदर्शन आणि प्रकाशनावर. घरात कुंचला धरण्यावर नव्हती. नोल्डे 1934पासून नाझी पक्षाच्या उत्तर श्लेस्विगमधल्या शाखेचा सदस्य होता. 1933मध्ये त्याने एका सरकारी अधिकाऱ्याला सांगितले होते की 'ब्रुक्के'तला जुना सहकारी माक्स पेखश्टाइन ज्यू आहे. पेखश्टाइन ज्यू नव्हता. आणि असता, तर चहाडी काही कमी नीच ठरली नसती. चित्रे जप्त झाल्यावरही नोल्डेने गोबेल्सला पत्र लिहून आपली निष्ठा सांगितली. आत्मचरित्रातले ज्यूद्वेषाचे उतारे युद्धानंतरच्या आवृत्तीतून गेले. हाफ्टमानही नाझी पक्षाचा सदस्य होता, हे नंतर उघड झाले. त्याच वर्षी अँगेला मर्केल यांच्या कार्यालयातून नोल्डेची दोन चित्रे उतरवली गेली.

मग त्या पिवळ्याचे काय करायचे? 'चित्र वेगळे, चित्रकार वेगळा' हे उत्तर सोपे आहे, पण नोल्डेच्या बाबतीत ते टिकत नाही. नाझी राजवटीत त्याच्या कामातून बायबलचे विषय जवळजवळ नाहीसे झाले. व्हायकिंग आणि नॉर्डिक माणसे वाढली. म्हणजे विचार चित्राच्या बाहेर थांबलेला नव्हता. उलट 'रंगच नाझी' म्हणावे, तर नाझींनाच तो रंग सोसला नाही. मला वाटते, आख्यायिकेने आपली नजर आळशी केली होती. ती छोटी जलरंगचित्रे आपण स्वातंत्र्याची चित्रे म्हणून पाहत आलो. कागद, ओल आणि डाग यांच्याकडे पाहिलेच नाही. त्यांतली बरीचशी मोठ्या तैलचित्रांची पूर्वतयारी होती, आणि युद्धानंतर त्याने त्यांवरून तैलचित्रे केलीही. 1956मध्ये तो वारला तेव्हा वय अठ्ठ्याऐंशी होते.

यातले एखादे चित्र आता मी पुस्तकात उघडते, तेव्हा दोन माणसे एकमेकांकडे पाहताना दिसतात. एकाचा चेहरा पिवळा, दुसऱ्याचा निळसर. दोघांमध्ये रंग मिसळून हिरवट ओल झाली आहे. ती कुणाच्या बाजूची, हे रेषेने सांगितलेले नाही. मी पान लगेच उलटत नाही.