गर्भारपण आणि दांपत्यसुख

गरोदरपणी समागम चालतो का, हा प्रश्न मला बहुधा सासूबाई खोलीबाहेर गेल्यावरच विचारला जातो. गर्भावस्था निर्वेध असेल तर उत्तर 'होय' असेच आहे. पाणमोट, गर्भाशयाचे स्नायू व गर्भाशयमुखातील श्लेष्म्याचा बोळा बाळाचे रक्षण करतात. त्यानंतर पोट थोडा वेळ कडक होणे स्वाभाविक होय. मात्र रक्तस्राव, पाणी जाणे, वार खाली असणे किंवा अकाली प्रसूतीचा धोका असल्यास संयम पाळावा. लैंगिक संसर्गाची शंका असल्यास दोघांचे उपचार आधी व्हावेत. २० व्या आठवड्यानंतर पत्नीने उताणे न राहता कुशीवर असावे. सहव्यावसायिकांना विनंती, की 'संबंध टाळा' असे सांगताना कारण आणि मुदतही सांगावी. अन्यथा दांपत्य अकारण दुरावते.