लेसिथिन: पातळ, दाणेदार की क्रीमवालं?

नागपूरकरांनो, आपल्या विदर्भाच्या सोयाबीनमधून तेल नि पेंड निघते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कच्च्या तेलात थोडं गरम पाणी घालून डिंक वेगळा केला आणि वाळवला, की लेसिथिन मिळतं! चॉकलेटच्या वेष्टनावरचं ‘इमल्सिफायर ३२२’ म्हणजे हेच. पातळ लेसिथिन तपकिरी, मधासारखं चिकट. त्यात साधारण एक तृतीयांश तेलच असतं. ॲसिटोनने ते तेल काढलं की पिवळसर दाणे उरतात. सप्लिमेंट म्हणून मला दाणेच पसंत: चमच्याने मोजता येतात, ताकातही ढवळता येतात. क्रीम बनवायचं असेल तर मात्र हायड्रोजनेटेड लेसिथिन घ्या, ते लवकर खवट होत नाही. सोयाची ॲलर्जी असलेल्यांनी कुठलाही प्रकार डॉक्टरांना विचारूनच वापरावा.